टँकमधल्या शिंपल्याने पांढरं कायतरी सोडलंय, ही पिल्लं का?

भांडुपचा_बाप्या

मंडळी जरा मदत हवीय. घरी अडीच फुटी टँक आहे, दोन गोल्डफिश, थोडे मॉली, गप्पी, नेहमीचंच. मे महिन्यात मुरबाडला मामांकडे गेलेलो तेव्हा त्यांच्या तळ्याचं पाणी आटत आलेलं आणि कडेच्या चिखलात काळपट हिरवे लांबुळके शिंपले उघडे पडलेले, पोराने हट्ट धरला म्हणून चार-पाच बादलीत टाकून आणले. त्याच्या आधीपासून टँकमध्ये दुकानातून घेतलेले छोटे पिवळे गोल्डन क्लॅम पण आहेत, दुकानवाला बोललेला की पाणी साफ ठेवतात.

आता झालंय असं की परवा रात्री त्यातल्या सगळ्यात मोठ्या काळ्या शिंपल्याने मागच्या बाजूने पिचकारी मारल्यासारखं पांढुरकं कायतरी सोडलं, ते धुळीसारखं खाली बसलं, काही धाग्याधाग्याने झाडांना लटकलंय. पोरगा नाचतोय की अंडी घातली. आणि खालच्या वाळूत मोहरीहून लहान असे गोल शिंपलेपण दिसतायत, पण ते मला वाटतं आधीपासूनच होते, नक्की आठवत नाही.

तर १) ही पिल्लं आहेत का, २) मासे खातील का, ३) भाचा कुठूनतरी वाचून आला की शिंपल्यांची पिल्लं माशांचं रक्त पितात, हे खरं का? कारण एक गोल्डफिश कालपासून दगडाला अंग घासतोय. दुकानवाल्याने व्हाइट स्पॉटचं औषध टाका सांगितलंय, आणून ठेवलंय, अजून टाकलं नाही.

वरळीची_वैशाली

तिसऱ्या करा आणि मोकळे व्हा 😄 

निवृत्त_झूलॉजीबाई

बाप्या, आधी ते औषध बाजूला ठेवा. बाटलीवर घटक वाचा, व्हाइट स्पॉटच्या पुष्कळ औषधांत तांबं असतं आणि शिंपल्यांना तांबं अजिबात सोसत नाही, माशाला चालेल तेवढ्या डोसात शिंपले मरतात. आणि मोठा शिंपला वाळूत मेला की दोन दिवसांत टँकमध्ये अमोनिया एवढा वाढतो की मासेपण जातात. आधी टॉर्च मारून बघा गोल्डफिशच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत का, असतील तर त्याला वेगळ्या टबात काढून तिथे औषध द्या.

आता तुमचे प्रश्न. तुमच्या टँकमध्ये दोन वेगळ्या घराण्यांचे शिंपले आहेत आणि त्यांची पिल्लं होण्याची तऱ्हा पूर्ण वेगळी आहे, म्हणून गोंधळ होतोय.

मुरबाडचे ते काळपट लांबुळके, ते बहुतेक लॅमेलिडेन्स असावेत, आपल्याकडे तळ्यांत, नद्यांत हाच प्रकार सगळीकडे दिसतो. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस नावाची जात तर झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्ही वर्षानुवर्षं मुलांकडून कापून घेतली. यांच्यात नर-मादी वेगळे, बाहेरून बघून सहसा कळत नाही. नर शुक्राणू सरळ पाण्यात सोडतो. मादी दिवसभर पाणी आत ओढून गाळतच असते, तोच तिचा श्वास आणि तेच जेवण, त्याच पाण्यातून शुक्राणू आत येतात. अंडी ती बाहेर टाकत नाही, तिच्या कल्ल्यांच्या आत कप्पे असतात त्यात ठेवते. म्हंजे जे श्वासाचं इंद्रिय तेच पाळणाघर. अशी मादी उघडली तर कल्ले जाड, फुगलेले दिसतात. काही जाती थोडे आठवडेच पिल्लं वागवतात आणि काही अख्खा हिवाळाभर.

तिथे अंड्यांच्या अळ्या होतात त्यांना ग्लोकिडियम म्हणतात. आकार जातीप्रमाणे साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. तुम्ही जे बघितलंत ते माझ्या मते तेच. वाहतुकीचा, गरम पाण्याचा, कमी ऑक्सिजनचा ताण आला की मादी पुष्कळदा वेळेआधीच सगळं बाहेर टाकून देते, त्यामुळे ती पिकलेली आहेत की कच्ची ते बघावं लागेल.

आणि भाचा अर्धा बरोबर आहे. या अळीला स्वतः पोहता येत नाही. तिला मासा हवा. मासा जवळून गेला, कल्ल्यात किंवा परावर अळी लागली की तिचं छोटंसं कवच खटकन मिटतं आणि कातडीचा तुकडा पकडून बसतं. काही तासांत माशाची कातडी तिच्यावरून वाढते आणि ती आत बंद. तिथे काही दिवस, बहुतेकदा काही आठवडे राहते, थंड पाण्यात महिने. त्या काळात तिचं आतलं शरीर नव्याने बनतं, कवच मिटायला आधी एक स्नायू असतो तो जाऊन दोन येतात, पाय बनतो, कल्ले बनायला लागतात. मग ती पुटकुळी फुटते आणि छोटा शिंपला खाली गाळात पडतो. माशाकडून ती थोडंफार घेते पण डासासारखं रक्त पीत बसत नाही. निसर्गात माशाला दोन-चार अळ्या लागल्या तर काही फरक पडत नाही. बंद टँकमध्ये हजारो एकदम कल्ल्यांत गेल्या तर मात्र श्वासाचा त्रास होऊ शकतो, म्हणून आज अर्धं पाणी बदला आणि तळाची ती धूळ सायफनने ओढून घ्या, थोडी एका वाटीत ठेवा, त्याचं पुढे सांगते.

वाळूतले गोल बारीक ते वेगळे, खाली लिहिते, जरा चहा ठेवलाय.

कलिन्याचा_किडा

बाईंनी भारी लिहिलंय, मी एक इतिहास टाकतो. लेवेनहूक नावाच्या डच भिंगवाल्याने १६९५ मध्येच शिंपल्याच्या आत या अळ्या लेन्सखाली बघितलेल्या आणि ही शिंपल्याचीच पिल्लं हे ओळखलेलं. तरी शंभर वर्षांनी १७९७ मध्ये राथके नावाचा माणूस म्हणाला छे, हे शिंपल्याच्या कल्ल्यातले परजीवी किडे आहेत, आणि नावच ठेवलं ग्लोकिडियम पॅरासिटिकम. पुढे ती पिल्लंच आहेत हे सिद्ध झालं पण नाव राहिलं. आणि गंमत म्हणजे परजीवी तर ती निघालीच, फक्त आईची नाही, माशाची. १८६६ मध्ये लायडिग नावाच्या संशोधकाने माशाच्या परांवर सापडलेल्या गोष्टी म्हणजे याच अळ्या हे सांगितलं, तेव्हा कुठे पूर्ण साखळी जुळली.

अजून एक वेड लावणारी गोष्ट. आपल्या सगळ्यांच्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रं, फक्त आईकडून येतात हे बारावीला घोकलेलं असतं ना, गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांत मुलग्यांना बापाचे पण मिळतात आणि ते त्यांच्या शुक्राणूंतून पुढे त्यांच्या मुलग्यांना जातात. आईची एक लाइन, बापाची एक लाइन, दोन्ही समांतर चाललेल्या. 

निवृत्त_झूलॉजीबाई

आले. तर ते पिवळे गोल्डन क्लॅम, या नावाने दुकानात जे देतात ते बहुतेक कॉर्बिक्युला. कवच त्रिकोणी-गोल, वरून आडव्या उठावदार रेघा बोटाला लागतात. यांना मासा लागत नाही. एकाच प्राण्यात नर-मादी दोन्ही, एकट्याचं एकट्यानेपण भागतं, पिल्लं आतल्या कल्ल्यात वाढवतात आणि पाव मिलिमीटरच्या आसपास झाली की बाहेर सोडतात, ती लगेच वाळूत सरकायला लागतात. म्हणून जगभर कालव्यांत, पाइपांत हे एवढे माजलेत. तुमच्या वाळूतले मोहरीहून लहान ते याचेच असणार, त्यांचं आणि परवाच्या पिचकारीचं काही नातं नाही. पक्कं करायचं तर एक उचलून भिंगातून त्या आडव्या रेघा दिसतात का बघा.

वाटीतल्या धुळीचं असं करा. थेंबभर पाणी काचेवर घ्या, पोराकडे खेळण्यातला मायक्रोस्कोप असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलला लावायची क्लिपवाली लेन्स चालेल. उघडी दोन पाळ्यांची कवचं दिसली पाहिजेत. मग मिठाचे दोन-तीन कण टाका. अळी जिवंत आणि पिकलेली असेल तर पटकन मिटते. प्रयोगशाळेतपण हीच टेस्ट करतात, माशाला लावण्याआधी किती अळ्या कामाच्या आहेत ते मोजायला.

वरळीची_वैशाली

बाई मग आमच्या तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांना पण मासा लागतो का हो? लहानपणापासून काढतोय खातोय पण कधी हा विचारच नाही केला.

निवृत्त_झूलॉजीबाई

नाही गं. समुद्रातल्या बहुतेकांचं सरळ असतं, नराने शुक्राणू सोडले, मादीने अंडी सोडली, पाण्यातच मिळाली, आणि अळी स्वतः पोहते, केसांसारखे तंतू हलवत आठवडा-दोन आठवडे किंवा जास्तही तरंगते, मग खडक, जेटी, जे मिळेल तिथे बसते. समुद्रात ते परवडतं, भरतीने नेलं, ओहोटीने आणलं. नदीत तसं केलं तर पहिल्याच पुरात सगळी पिल्लं खाडीत आणि तिथून समुद्रात, खारट पाण्यात खलास. शिंपल्याला तर चालून चालून किती चालणार, दिवसात काही फूट. उलट्या प्रवाहात वर जायचं तर वर जाणाऱ्याच्या अंगावर बसूनच. म्हणून मासा, हीच त्यांची लोकल.

आणि तुमच्या डॉकमध्ये जहाजांच्या बुडाला, खांबांना गुच्छ करून बसणारा तो बारीक काळपट शिंपला, मायटिलॉप्सिस सॅली, मूळचा कॅरिबियनकडचा, मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत येऊन बसलाय, त्याचीपण अळी तरंगणारीच. त्याचा चुलतभाऊ झेब्रा मसल, तो १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या तळ्यांच्या भागात सापडला आणि पाठोपाठ तिथल्या मूळच्या शिंपल्यांच्याच अंगावर एवढा बसला की त्यांना कवच उघडता येईना. त्या बिचाऱ्यांना मासा शोधून हळूहळू पिल्लं करायची, आणि याची पिल्लं पाण्याबरोबर कुठेही. 

गळ_आणि_गप्पा

विषय निघालाय तर, मी पवईला गळ टाकायला जातो बऱ्याच वर्षांपासून. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कडेला मोठाले शिंपले पालथे पडलेले दिसतात, तळहाताएवढे पण. पण लहान, नखाएवढं असं कधी दिसत नाही. आधी वाटायचं घारी-बगळे उचलून नेत असतील. आणि गळाला आता चिलापीच चिलापी, म्हणजे तो बाहेरून आलेला तिलापिया, आमचे सीनियर लोक सांगतात तसा माल नाही राहिला. बाई हे जोडलेलं असू शकतं का?

दुसरं, कटल्याच्या कल्ल्यात कधीकधी पांढरे बारीक दाणे दिसतात. मी किडा समजून फेकायचो. ते हेच का?

निवृत्त_झूलॉजीबाई

कल्ल्यातले दाणे बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, तिथे चिकटणारे दुसरे परजीवीपण पुष्कळ असतात. फोटो टाका पुढच्या वेळी, शक्यतो जवळून.

पण पहिला प्रश्न फार नेमका विचारलात. सगळे शिंपले कुठल्याही माशावर वाढत नाहीत. काहींना बरेच मासे चालतात, काहींना एक-दोनच. चुकीच्या माशावर लागल्या तर त्याचं शरीर काही दिवसांत अळ्या झटकून टाकतं, आणि एकाच माशाला पुन्हा पुन्हा लागल्या तर त्याच्यात प्रतिकारशक्तीही येते. त्यामुळे शिंपल्यांची संख्या बघायची तर तिथल्या माशांकडे बघावं लागतं. तळ्यात बाहेरचा मासा माजला, मूळचे कमी झाले, की मोठे शिंपले राहतात पण नवीन येत नाहीत. आणि हे लोक जगतात लांब, त्यामुळे कित्येक वर्षं कळतच नाही. युरोपातला मोती-शिंपला, मार्गारिटिफेरा, शंभर वर्षांच्या वर जगतो, त्याला तिथे सॅल्मन आणि ट्राउट हे दोनच मासे चालतात. एकेक मादी हंगामात लाखांनी अळ्या सोडते, त्यातल्या मूठभर माशाला लागतात, त्या दहा महिन्यांच्या आसपास कल्ल्यात राहतात आणि त्यातून जगून मोठा होणारा विरळाच. कित्येक नद्यांत आता फक्त म्हातारे उरलेत, पोरंच नाहीत. तिथे लोक हॅचरीत माशांना मुद्दाम अळ्या लावून ते मासे नदीत सोडतात.

पवईचं कारण मात्र एकच मासा असं मी म्हणणार नाही. जलपर्णी, सांडपाणी, तळाचा ऑक्सिजन गेलेला काळा गाळ, मोठा शिंपला कवच मिटून काही काळ काढतो पण माशावरून नुकतं पडलेलं पिल्लू त्या गाळातच पुरून राहतं, पायाने कण ओढून खातं, त्याला तिथे श्वास घेता आला पाहिजे. अमोनियाला ही पिल्लं फार नाजूक. मासा मिळाला तरी पाळणा सडका असला तर काय उपयोग.

आणि वैशाली, पवईचे शिंपले चुकूनही खायचे नाहीत हं, पाण्यातले जड धातू यांच्या मांसात साठतात.

कलिन्याचा_किडा

माशांना फसवायची पद्धत राहिली की! अमेरिकेतल्या लॅम्प्सिलिस जातींत मादी आपल्या कवचाच्या कडेची कातडी बाहेर काढते, ती हुबेहूब छोट्या माशासारखी, डोळ्याचा ठिपका, शेपूट, पट्टे सगळं, आणि हलवतेपण तशीच. तिला स्वतःला डोळे नाहीत बरं का. बास मासा भक्ष्य समजून चावा घेतो आणि तोंडभर अळ्या घेऊन जातो. दुसरी एक जात तर लॉगपर्च माशाचं डोकंच कवचात पकडते, अळ्या त्याच्या कल्ल्यात ढकलते आणि मग सोडते. गळवाले दादा, तुमच्या आधीपासून लुअर फिशिंग चालू आहे हे 😂

उलटा हिशेबपण आहे. युरोप आणि चीन-जपानकडे बिटरलिंग नावाचा मासा, त्याची मादी लांब नळी शिंपल्यात घालून कल्ल्यांत अंडी घालते, नर वरून शुक्राणू सोडतो, शिंपला पाण्याबरोबर आत ओढतो आणि माशाची पिल्लं शिंपल्यात वाढतात. 

मोतीवाला_होणार

इथे एक विचारू का, मी कर्जतला शेततळ्यात मोत्याची शेती करायचा विचार करतोय. यूट्यूबवाले बोलतात एकदा शिंपले टाका मग तेच वाढत जातात, परत घ्यायला लागत नाहीत. पण इथलं वाचून तर वाटतंय की मासे नसतील तर एकपण वाढणार नाही?

निवृत्त_झूलॉजीबाई

बरोबर वाटतंय तुम्हाला. आपल्याकडे मोत्यासाठी मुख्यतः लॅमेलिडेन्सच वापरतात आणि ते जास्त करून नदी-तळ्यांतूनच गोळा केलेले असतात. भुवनेश्वरला सीफा ही केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची संस्था आहे, आपल्याकडे या मोत्यांचं तंत्र त्यांनीच बसवलं, शिकायचं तर तिथून शिका. शिंपल्यात छोटं ऑपरेशन करून केंद्रक, म्हणजे ज्याच्याभोवती मोती बनतो तो मणी, बसवायचा, मग वर्ष-दीड वर्ष सांभाळायचं, त्यात काही मरतात, काही केंद्रक बाहेर टाकतात. आपोआप वाढत जातात म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, दादा तुमच्या तळ्यात मासा कुठला? उत्तर देताना अडखळला तर ट्रेनिंगची फी वाचली तुमची. आणि खरंच सुरू केलंत तर नदीतून पोतीच्या पोती उपसून आणू नका, वर लिहिलंय तसं त्यांची भरपाई सहज होत नाही.

भांडुपचा_बाप्या

अपडेट देतो. औषध नाही टाकलं, त्यात कॉपर सल्फेट लिहिलेलं होतं, वाचलो. गोल्डफिशच्या अंगावर ठिपके नाहीत, आता घासत पण नाही, पाणी बदलल्यावर शांत झाला.

काल रात्री पोराच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपखाली ती धूळ बघितली. आधी काहीच कळेना, नुसता कचरा, मग फोकस फिरवता फिरवता एकदम दिसलं, पुस्तक उघडून ठेवल्यासारखी बारीक बारीक कवचं, आरपार पिवळसर, आणि मधेच एखादं आपोआप टकटक करून मिटतंय उघडतंय. पोराने मिठाचे कण टाकले आणि कण विरघळला तशी त्याच्या जवळची आधी, मग लांबची, पटापट मिटत गेली. काही मात्र उघडीच राहिली, ती मेलेली किंवा कच्ची असतील ना? बायकोला पण बोलावलं, ती बोलली किचनमधला मिठाचा डबा इथे कसा आला ते आधी सांगा.

वाळूतल्या गोल पिल्लांवर आडव्या रेघा आहेत, म्हंजे ते पिवळ्यांचेच.

आता शेवटचं, या काळ्यांचं करू काय? टँक एकदम काचेसारखा साफ असतो माझा, दुकानवाला तर बोलतो यांना काही घालावं लागत नाही.

निवृत्त_झूलॉजीबाई

हो, उघडी राहिलेली कच्ची किंवा मेलेली. पोराला शाबासकी सांगा माझी.

काचेसारखा साफ टँक हीच त्यांची अडचण. ते पाण्यातलं शेवाळ, जिवाणू, बारीक कण गाळून खातात, तुमचा फिल्टर ते आधीच काढून टाकतो, मग शिंपला महिनोन्महिने उपाशी राहून हळूहळू खंगतो आणि बाहेरून काही कळत नाही, एक दिवस नुसता उघडा पडलेला सापडतो. रोज बोटाने हलका धक्का देऊन बघा, मिटला तर जिवंत. मिटला नाही आणि वास येतोय तर लगेच बाहेर. तात्पुरतं बाल्कनीत टबात उन्हाने हिरवं झालेलं पाणी करून थोडं थोडं टँकमध्ये घालत जा. टँकमध्ये पिल्लं मोठी होतील ही आशा सोडा, गोल्डफिशवर चुकून एखादं तयार झालं तरी पुढे खाण्यावाचून जाईल.

बरं म्हणजे पाऊस झालाय तर ज्या तळ्यातून आणलेत तिथेच परत नेऊन ठेवा, कडेला अलगद, गाळात अर्धे रोवून. भांडुपहून पवई-विहार जवळ पडतं म्हणून तिकडे मात्र अजिबात सोडू नका. एका पाण्यातले दुसऱ्या पाण्यात टाकले की काय होतं ते युरोपने बघितलंय, चीनकडचे कार्प मासे पाळायला आणले आणि त्यांच्या अंगावरून तिकडचा भलामोठा शिंपला तळ्यातळ्यांत पोचला, कोणाला पत्ताही नाही. गोल्डफिश तर कुठेच सोडायचे नाहीत, हे सांगायला नकोच. आणि ते पिवळे क्लॅम, त्यांच्या वाळूचं पाणीसुद्धा नाल्यात ओतू नका, कुंडीत घाला.

भांडुपचा_बाप्या

मामांना फोन केला, तळं भरलंय बोलले. रविवारी जातोय बादली घेऊन. थँक्यू बाई, थँक्यू सगळ्यांना.

गळ_आणि_गप्पा

जातोच आहात तर मामांना विचारून या ना तळ्यात मासे कुठले आहेत, मरळ, रोहू की आमच्यासारखी नुसती चिलापी. आणि कडेला नखाएवढे काळे दिसले तर फोटो टाका इथे.